मिरगाआधीच्या बिया

ओकची बी हातात आली की लावून बघावीशी वाटतेच. तपकिरी, तुकतुकीत, डोक्यावर खवल्यांची टोपी. नाताळला लिस्बनहून किंवा स्विंडनहून घरी येणाऱ्या कुणाच्या तरी जॅकेटच्या खिशातून ती निघते, पोरं ती टेबलावर गरगर फिरवतात आणि मग कुणीतरी विचारतं, आपल्या भाटात (बागायतीत) रुजेल का ही?

बहुतेक वेळा नाही. मुळात ती आणायचीच नव्हती. लावण्यासाठी परदेशातून बी आणायची तर २००३च्या प्लांट क्वारंटाइन आदेशाप्रमाणे आयात परवाना लागतो आणि तिकडच्या सरकारचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. हा नियम उगाच नाही. बीच्या आतली अळी पासपोर्ट दाखवत नाही. शिवाय ऑक्टोबरात झाडाखाली वेचलेली बी डिसेंबरपर्यंत हीटर लावलेल्या घरात कपाटावर पडून असेल, तर ती केव्हाच मेलेली असते. वरून चकचकीत, आतला गर मात्र आटून सालीपासून सुटलेला. कानाशी धरून हलवली की खुळखुळते. खुळखुळली की फेकून द्यावी.

आणि समजा, जिवंत बी रीतसर आली, तरी पुढे आपलं गोव्याचं हवामान आहे. उष्ण देशांत ओक होतच नाहीत असं नाही, बोर्निओच्या जंगलात ते आहेत. पण युरोपातल्या ओकचं वर्ष हिवाळ्यावर बेतलेलं असतं. आपल्याकडे तो हिवाळा नाही, आणि जून ते सप्टेंबर जवळजवळ तीन हजार मिलिमीटर पाऊस आहे. चार महिने भिजून राहिलेल्या मातीत त्याची मुळं कुजतात. भारतातले बांज, मोरू, खरसू हे ओक हिमालयात वाढतात. सह्याद्रीत स्थानिक ओक एकही नाही.

तरी ओक लावायची रीत माहीत करून घेण्यासारखी आहे. तीच रीत थोड्या फरकाने फणसाला, जांभळाला, भिरंडाला (म्हणजे कोकमाला) चालते. आणि जिथे तो थोडा फरक आहे, नेमकी तिथेच आपल्याकडच्या हौशी लोकांची बी मरते.

बियांच्या दोन जाती मानतात. १९७३मध्ये ई. एच. रॉबर्ट्स यांनी ही विभागणी मांडली, ती आजही चालते. पहिल्या जातीतली बी झाडावर पिकतानाच आतलं पाणी सोडते, पाच-दहा टक्क्यांवर येते आणि झोपते. भात, मूग, बाहवा, चिंच या सगळ्या त्यातल्या. बरणीत कोरड्या ठेवल्या तर वर्षानुवर्षं टिकतात. दुसऱ्या जातीतली बी झोपतच नाही. ती ओलीच पडते, तिचा श्वास चालू असतो आणि आतली ओल ठरावीक पातळीच्या खाली गेली की ती मरते. नंतर कितीही पाणी घाला, उपयोग नाही. ओक या दुसऱ्या जातीतला. आंबा, फणस, जांभूळ, भिरंड आणि रानजायफळही त्यातलेच. २००८मध्ये उघडलेल्या स्वालबार्डच्या बियाणे-तिजोरीत बिया कोरड्या करून उणे १८ अंशांवर ठेवतात. त्या तिजोरीत फणसाची आठळी ठेवता येत नाही. फणसाची तिजोरी म्हणजे फणसाचं झाड.

आपली पावसाळी जंगलं या ओल्या बियांची आहेत, आणि त्याला कारण आहे. एप्रिल-मेमध्ये फळ पिकतं, खाली पडतं आणि काही आठवड्यांतच मिरगाचा पाऊस येतो. ज्या बीला इतक्या लवकर भिजायचंच आहे तिने वाळून पडून राहायचा खटाटोप कशाला करावा? सत्तरीत बांबर इथल्या निरंकाराच्या राईत रानजायफळाची झाडं बारा महिने पाण्यात उभी असतात. तिथल्या बीला कोरडेपणा म्हणजे काय हे कळायचं कारणच नाही. (राईतल्या बिया उचलून आणू नयेत. देवाच्या राईतलं पानही घरी आणायचं नसतं, हे आपल्याकडे पूर्वीपासून ठरलेलं आहे आणि ते बरंच आहे.)

आता रीत. युरोप-अमेरिकेत ओक लावणारे बिया आधी पाण्याच्या बादलीत टाकतात. बुडतात त्या घेतात. तरंगतात त्या बहुधा किडलेल्या किंवा सुकलेल्या असतात. पांढऱ्या ओकच्या गटातली बी पडल्यापडल्या मूळ सोडते. तांबड्या ओकच्या गटातल्या बीला आधी एक ते तीन महिने ओली थंडी लागते, म्हणून ती ओलसर भुशात घालून फ्रिजमध्ये एक ते चार अंशांवर ठेवतात. मग उंच कुंडीत आडवी, इंच-दीड इंच खोल लावतात.

इंटरनेटवर ‘झाडाची बी घरी कशी रुजवावी’ असं शोधलं की हेच समोर येतं, आणि त्यातला फ्रिज आपल्याकडे घात करतो. उष्ण प्रदेशातल्या ओल्या बियांना दहा-पंधरा अंशांखालची थंडी सहसा सोसत नाही. पेशी आतून फुटतात, बी काळी पडते. जी थंडी ओकला जागं करते ती भिरंडाला मारते. तेव्हा फणस, जांभूळ, भिरंड यांपैकी कुणाचीही बी फ्रिजमध्ये जाता कामा नये, भाजीच्या कप्प्यातसुद्धा नाही. बंद प्लास्टिकच्या पिशवीतही नको. बी श्वास घेते. हवाबंद पिशवीत ती गुदमरते, आणि उरलेलं काम बुरशी करते.

थोडे दिवस ठेवायचीच असेल तर ओलसर नारळाच्या भुशात ठेवावी. भुसा भिजवून मुठीत घट्ट पिळला की बोटांतून पाणी गळू नये, पण मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहावा, इतकी ओल. वर भोकं पाडलेली पिशवी किंवा सुती कापड, जागा सावलीतली. अशी जांभळाची बी आठवडा-दोन आठवडे, भिरंडाची दोन-तीन आठवडे आणि फणसाची महिनाभर दम धरते. पावसाळ्यात भाजीला हव्यात म्हणून आठळ्या मातीत किंवा राखेत घोळवून कोनाड्यात ठेवतात, त्याचं तत्त्व हेच: ओल बाहेर जाऊ द्यायची नाही आणि हवाही कोंडायची नाही. त्या आठळ्यांना कधीकधी ढिगातच मोड येतात. घरात त्यावर कुरकूर होते, पण बी जिवंत असल्याची याहून सोपी खूण नाही.

भिरंडाकडे जरा सविस्तर बघू. माझ्या मते गोव्यात परसात लावायला याहून गुणी झाड नाही, आणि बीपासून वाढवताना सगळ्यात जास्त निराशाही हेच देतं.

भिरंडं एप्रिलपासून पिकतात. सोलं (आमसुलं) करायची तर फळ कापून साल उन्हात घालतात, मग तिला फळाच्याच रसात पुन्हा पुन्हा बुचकळून वाळवतात. आतल्या बिया, फळामागे साधारण पाच ते आठ, बाजूला पडतात. कुणी त्या वाळवून भिरंडेल काढतं. बीच्या वजनात सुमारे पाव हिस्सा ते तूपच असतं. लावायला बी हवी तर ती या टप्प्यावर, फळ कापल्याकापल्या, मागून घ्यायची. त्याच सुपात दोन-तीन दिवस मेच्या उन्हात पडलेली बी मागून आणणं म्हणजे नुसता हेलपाटा. ती भिरंडेलाच्या कामाची, रुजायच्या नाही.

बीभोवती आंबट-गोड गर चिकटलेला असतो. तो ठेवला तर मुंग्या लागतात आणि बुरशी धरते. बिया मूठभर राखेत किंवा जाड वाळूत चोळायच्या, दोन-तीन पाण्यांतून धुवायच्या, हात निसटेनासा झाला की पुरे. मग गोणपाटावर सावलीत तासभर पसरायच्या. वरचं पाणी उडालं पाहिजे, बी वाळता कामा नये. दोन बिया मधोमध कापून बघाव्यात. आत घट्ट, ओलसर, एका रंगाचा गर असेल तर माल चांगला. कडेने तपकिरी पडलेला किंवा मेणासारखा कोरडा असेल तर तो घाणा टाकून द्यावा आणि दुसरीकडे विचारावं. त्याच संध्याकाळी किंवा फार तर चार-पाच दिवसांत बी मातीत जायला हवी. रात्रभर साध्या पाण्यात भिजवली तर उगवण जरा एकसारखी होते.

लावताना बी आडवी निजवायची, दोन-अडीच सेंटिमीटर खोल. भिरंडाचं वैशिष्ट्य असं की त्याच्या बीच्या एका टोकातून मूळ निघतं आणि दुसऱ्या टोकातून कोंब. उभी खुपसली आणि नेमकं उलटं टोक वर गेलं तर दोघांनाही वळसा घालावा लागतो आणि रोप मानेशी वाकडं होतं. आडव्या बीला ही अडचण नाही. तीन आठवड्यांपासून दीड महिन्यापर्यंत कधीही कोंब दिसतो. या काळात लोक कंटाळतात, काडीने माती उकरून बघतात आणि नुकतं फुटलेलं मूळ मोडतात. उकरू नये. कोंब आला की पानं कोवळी तांबूस, खाली झुकलेली असतात. झाड पाण्यावाचून कोमेजलंय असं वाटून बादलीभर पाणी घालणारे पुष्कळ. नवी पालवी तशीच असते. वाढ संथ. पहिल्या वर्षाच्या अखेरीस वीतभर ते फूटभर उंची म्हणजे उत्तम.

फणसाचं उलट आहे. घाई त्याच्या अंगातच आहे. गऱ्याच्या आतली आठळी काढायची, वरचं पातळ चिकट आवरण चोळून सोडवायचं, एक दिवस पाण्यात ठेवायची आणि चपटी बाजू खाली करून लावायची. दहा दिवसांपासून महिनाभरात उगवते. पण पान दिसेपर्यंत तिने खाली बराच पल्ला गाठलेला असतो, आणि चहाच्या कपाएवढ्या पिशवीत तो पल्ला गुंडाळला जातो. काप्या फणसाच्या आठळीतून कापाच फणस निघेल ही आशा बाळगू नये. फणसात परपरागण होतं. कापाही निघेल, रसाळही निघेल. हमी हवी असेल तर कलम आणा. पण घराला सावली, गुरांना पाला आणि पुढे लाकूड हवं असेल तर आठळीचं झाड मला कलमापेक्षा सरस वाटतं. ते सरळ जातं आणि त्याचं मूळ खोल असतं.

जांभळाच्या एका बीतून दोन-तीन कोंब निघाले तर दचकू नये. त्या बीत एकाहून जास्त भ्रूण असतात. चार-सहा पानं आली की सगळ्यांत जोमाचा ठेवून बाकीचे कात्रीने कापावेत. उपटायला गेलात तर मुळं एकमेकांत अडकलेली असतात आणि ठेवायचाच नेमका हातात येतो. किनाऱ्यालगत, खाऱ्या वाऱ्यात घर असेल तर या सगळ्यांपेक्षा उंडी बरी. तिच्या बीला लाकडी कवच असतं. कवचासकट लावली तर उगवायला दोनेक महिने, कवच हलक्या हाताने फोडून आतला गर काढून लावला तर तीनेक आठवडे. फोडताना हातोडी नको, दगडावर दगड बरा. गराला चीर गेली की तिथूनच कुजतो.

आता पिशवी. सगळ्यात जास्त झाडं इथे बिघडतात, आणि बिघडल्याचं पाच-सात वर्षांनी कळतं.

या साऱ्या बियांचा स्वभाव एकच: आधी मूळ, मग पान. बीतला जाड गर (बहुतेकांत तो म्हणजे दोन जाड दलं) जमिनीतच राहतो आणि साठवलेलं अन्न खाली पाठवतो. मुख्य मूळ, म्हणजे सोटमूळ, सरळ खाली जातं. पिशवीच्या तळाशी पोचलं की वळतं, गोल फिरतं, घड्याळाच्या स्प्रिंगसारखं स्वतःभोवती गुंडाळतं. वरून झाड हिरवंगार दिसतं. लावल्यावरही दोन-तीन वर्षं बरं दिसतं. मग एखाद्या जुलैत वारा येतो आणि दहा-बारा फुटांचं झाड मुळासकट आडवं होतं. उचलून बघितलं तर खाली तोच पिशवीच्या मापाचा गुंता. जाडी वाढली की ही वेटोळी एकमेकांना आवळतात, आणि झाड उभं असलं तरी आतून आखडत जातं.

१९५०मध्ये क. मा. मुन्शींनी वनमहोत्सव सुरू केला, तेव्हापासून जुलैचा पहिला आठवडा रोपं वाटण्याचा असतो. वाटावीत, चांगलंच आहे. पण वाटलेली रोपं कित्येकदा एक-दोन वर्षं त्याच लहान पिशवीत उभी राहिलेली असतात आणि घेणारा नेहमी सगळ्यात उंच रोप निवडतो. माझा सल्ला उलटा आहे. पिशवी खालून बघा. तळाच्या भोकातून बोटाएवढं मूळ बाहेर येऊन जमिनीत घुसलेलं असेल, तर त्या रोपाचं खरं मूळ तुम्ही उचलतानाच तुटलंय. त्याच्या शेजारचं, गुडघ्याच्याही खालचं बुटकं रोप उचला.

घरी करायचं तर उंच भांडं घ्या: किमान ३० सेंटिमीटर खोल, रुंदी १० असली तरी चालेल. चार इंची पीव्हीसी पाइपाचे फूटभराचे तुकडे उत्तम, बांबूची गाठ काढलेली नळी त्याहून स्वस्त. तळ बंद करू नका. खाली प्लास्टिकची जाळी बांधा आणि नळ्या विटांवर किंवा जाळीच्या रॅकवर अधांतरी ठेवा, म्हणजे तळाशी हवा खेळेल. मूळ जाळीपर्यंत येतं, हवा लागते, टोक तिथेच सुकतं आणि मागे बारीक मुळं फुटतात. वेटोळं होत नाही. हेच भांडं जमिनीवर टेकवून ठेवलं तर मूळ मातीत शिरतं आणि सगळी युक्ती फुकट.

भरायला दोन भाग लाल माती, एक भाग जाड वाळू, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत. नुसती लाल माती पावसात बसते आणि वर कवच धरते, खाली हवा जात नाही. वाळू महाग पडत असेल तर भाताचं तूस चालतं. समुद्रावरची वाळू अजिबात नको. कितीही धुतली तरी मीठ उरतंच. ताजं शेणही नको, ते तापतं आणि वाळवीला आवतण देतं.

पाऊस सुरू झाल्यावर रोपं मरतात ती तहानेने नव्हे, कुजण्याने. कोंब जमिनीशी पाण्याने भिजल्यासारखा दिसतो, तिथे बारीक होतो, आणि सकाळी उभं असलेलं रोप संध्याकाळी आडवं पडलेलं असतं. ही मातीतली बुरशी. एकदा धरली की ते रोप वाचत नाही. शेजारची वाचवायची तर नळ्या लांब लांब ठेवायच्या, वारा खेळू द्यायचा आणि पागोळ्यांखालून हलवायच्या. पागोळीचं पाणी एकाच जागी आदळून माती उसळवतं आणि बी उघडी पाडतं. झावळ्यांचा विरळ मांडव सगळ्यात बरा, निम्मं ऊन आणि फोडून आलेला पाऊस. कुळागरात पोफळीखाली हे आपोआप मिळतं. भिरंडाचं रोप तिथे जेवढं सुखात राहतं तेवढं उघड्यावर राहत नाही.

खाणारे बरेच. उंदीर आणि खार बी उकरतात, म्हणून नळ्यांच्या तोंडावर अर्ध्या इंचाची लोखंडी जाळी हवी. ती कोंब टेकण्याआधी काढायची, नाहीतर कोंब तिच्यातच अडकतो. मोठी आफ्रिकन गोगलगाय रात्री येते आणि कोवळा शेंडा तळापासून साफ करते. रात्री टॉर्च घेऊन वेचणं हाच भरवशाचा उपाय. मीठ टाकलेली गोगलगाय मरते, पण ते मीठ तुमच्या नळीतच उतरतं. वेचताना हातमोजे घाला, ती जंत वाहते. शेंडा गेला म्हणून लगेच नळी रिकामी करू नका. दलं जमिनीत शाबूत असतील तर ओकप्रमाणे फणस आणि आंबाही पुष्कळदा खालून नवा फुटवा देतात. तीन आठवडे वाट पाहा. सत्तरी-सांग्याच्या बाजूला रानडुक्कर आणि साळिंदर असतील तर कुंपणाशिवाय काही लावूच नये.

खरं विचाराल तर सगळ्यात चांगली पिशवी म्हणजे जमीन. जागा ठरलेली असेल तर बी थेट तिथेच लावावी. जूनचा पहिला आठवडा, एक-दोन चांगल्या सरी होऊन माती वीतभर भिजलेली, एका जागी तीन बिया, वर जाळी. मे संपण्याआधीच्या एखाद्या वळवावर विसंबू नये. तो एक दिवस भिजवतो आणि पुढचे आठ दिवस बी भाजून निघते. थेट लावलेल्या फणसाचं मूळ ऑक्टोबरात पाऊस जाईपर्यंत बरंच खोल उतरलेलं असतं, आणि पहिला उन्हाळा ते नळीतल्या रोपापेक्षा सोपा काढतं. तोटा एकच: डोळ्यांसमोर नसतं, म्हणून गवतात हरवतं आणि सप्टेंबरातल्या कटरखाली जातं. रंगीत काठी रोवा. एक नाही, दोन रोवा.

नळीतलं रोप लावायचं तर फणस, जांभूळ त्याच पावसाळ्यात, जुलैअखेरपर्यंत लावून मोकळं व्हावं. भिरंड पुढच्या जूनपर्यंत ठेवता येतं. खड्डा दीड-दोन फुटांचा. आपल्या जांभ्या पट्ट्यात फूटभर माती आणि खाली कातळ अशी गत असते. तिथे पहारीने कातळाला भेग पाडल्याशिवाय लावू नये, नाहीतर खड्ड्यात पाणी तुंबतं आणि जुलैत रोप बुडून मरतं. खड्डा निव्वळ शेणखताने भरणं ही आणखी एक प्रेमळ चूक. त्या मऊ मातीत मुळं रमतात, बाहेरच्या कठीण जमिनीत शिरतच नाहीत. निघालेली मातीच परत घाला, तिच्यात फार तर चौथा हिस्सा खत. रोपाची मान, म्हणजे खोड आणि मूळ जुळतं ती जागा, आजूबाजूच्या जमिनीपेक्षा इंचभर वर राहू द्या.

ऑक्टोबरपासून खरी कसोटी. पुढचे सात-साडेसात महिने पाऊस नाही म्हणून धरून चाला. रोपाभोवती हात-दीड हात रुंदीचा, चार बोटं जाडीचा पाल्याचा थर घाला, खोडाला न टेकता. टेकला तर खोडाला वाळवी लागते. पाणी रोज शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा, दर खेपेस आठ-दहा लिटर, सावकाश जिरू द्यावं. रोजच्या शिंपणाने मुळं वरच्या दोन इंचांतच राहतात आणि मग एक आठवडा गावाला गेलात की संपलं. दुसऱ्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा पुरतं. तिसऱ्या उन्हाळ्यात बहुतेक झाडं स्वतःचं बघतात, भिरंडाला मात्र एप्रिल-मेमध्ये अजूनही पाणी द्यावं.

जागा आधी नीट ठरवा. फणसाला सगळ्या बाजूंनी आठ-दहा मीटर, भिरंडाला सहा. दोन्ही घरापासून, विहिरीच्या कठड्यापासून आणि सेप्टिक टाकीपासून लांब. फणस कौलांवर पडला की एक कौल फुटत नाही, रांग फुटते. जांभूळ गाडी ठेवायच्या जागेवर लावू नका, जूनमध्ये पांढरी गाडी पांढरी राहणार नाही. नंतर कापून टाकू म्हणाल, तर १९८४च्या गोवा, दमण आणि दीव वृक्ष जतन कायद्याप्रमाणे स्वतःच्या जमिनीतलं झाड तोडायलाही परवानगी लागते.

आणि भिरंडाची ती निराशा. भिरंडात नर झाड वेगळं, मादी वेगळं. बीपासून केलेल्या रोपांत साधारण निम्मे नर निघतात आणि कोण काय ते फूल येईपर्यंत, म्हणजे सात-आठ वर्षं, कळत नाही. पान, साल, उंची बघून ओळखतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. दोनच झाडांपुरती जागा असेल तर कलम घ्यावं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या ‘कोकण अमृता’ आणि ‘कोकण हातीस’ या जाती त्यासाठीच आहेत, आणि एला इथल्या आयसीएआरच्या (भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या) किनारी कृषी संशोधन संस्थेतही भिरंडावर काम चालतं. भाट मोठं असेल तर मात्र बी लावा, पाच-सहा रोपं लावा, आणि फुलं येऊ द्या. बारीक फुलांचे झुपके दिसले तर बहुधा नर. तो तोडायची गरज नाही. जाणत्या कलमवाल्याकडून त्याच्या फुटव्यांवर मादीची काडी बांधून घेता येते. काडी सरळ वर जाणाऱ्या शेंड्याची हवी. आडव्या फांदीची घेतली तर कलम जन्मभर आडवंच पसरतं. सगळे नर मात्र बदलू नका, परागासाठी एखादा तसाच राहू द्या.